एक टेबल आणि तीन खुर्च्या द्या: बडोद्याच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील मराठी मंडळे, वाचनालये आणि ग्रंथालये यांच्या कार्यकारिणीतील सर्व काका-काकूंना,

स. न. वि. वि.

यंदाच्या उन्हाळी शिबिराचं पत्रक आमच्या घरीही आलं. कोणत्या मंडळाचं ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने मजकूर सगळीकडे सारखाच असतो. श्लोकपाठांतर, सूर्यनमस्कार, मातीकाम, एक दिवस सहल, आणि तळाशी ठळक अक्षरांत: ‘मोबाईल गेम, व्हिडिओ गेम, ऑनलाइन जुगार या व्यसनांपासून मुक्त सुट्टी’. आईने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे तुझी फी आम्ही व्यसनापायी भरतोय.” मी गेम डिझाइन शिकते. आई चेष्टेने बोलली, पण पत्रक चेष्टेने लिहिलेलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुम्ही जे तीन शब्द एका ओळीत बसवलेत, ते संसदेनेसुद्धा वेगळे केले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, त्यात नशीब चालो की कौशल्य. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, मान्यता दिली, आणि करमणुकीच्या किंवा शिकण्याच्या खेळांना उत्तेजन द्यायचं ठरवलं. कायदा चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. पण दिल्लीला जो फरक दिसला तो दांडिया बाजारात दिसू नये, हे काही बरोबर नाही.

माझा गृहपाठ म्हणजे गेम खेळणं आणि मग त्यावर लिहिणं. ऐकायला मजेशीर वाटतं. प्रत्यक्षात बराचसा वेळ वहीत आकृत्या काढण्यात जातो. आम्हाला आधी लिहावं लागतं ते असं: हा गेम माझ्या हातांना काय करायला लावतो, काय करू देत नाही, आणि चुकलं तर काय वसूल करतो. गोष्ट काय आहे, चित्रं कशी आहेत, हे सगळं नंतर. गेल्या काही महिन्यांत जे खेळले त्यातलं थोडं तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे गेम पाहिलेले नसतील असं धरून चालते. पाहिले असतील तर फारच उत्तम, मग भांडता येईल.

‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३चा गेम. लुकास पोप नावाच्या एका माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, सरहद्दीवरची एक चौकी. तुम्ही तिथले कारकून. ही नोकरीही सरकारी सोडतीत लागलेली. खिडकीशी माणूस येतो, पासपोर्ट पुढे सरकवतो. तारीख, फोटो, परवाना, शिक्का तपासायचा आणि आत सोडायचं किंवा परत पाठवायचं. जितकी माणसं तपासाल तितका पगार. संध्याकाळी त्याच पगारातून घरभाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च आणि आजारी माणसाचं औषध. रोज सकाळी नवा नियम येतो आणि कालचा अर्धा निकामी होतो.

माझे आजोबा जकात नाक्यावर नोकरीला होते. गुजरातेत जकात उठली त्याच्या आधीच ते निवृत्त झाले. मी हा गेम खेळत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “टेबल इतकं लहान का दिलंय?” मी सांगितलं की ते मुद्दाम लहान ठेवलंय. कागद एकावर एक पडावेत, हवा तो सापडू नये, रांग वाढत राहावी, म्हणून. ते म्हणाले, “आमचंही लहानच होतं,” आणि खुर्ची ओढून बसले.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर असतात. आत जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडलं तर चौकीतलं यंत्र कर्रकर्र करत चुकीची चिठ्ठी छापतं. आजोबांनी मला विचारलं, दंड किती? मी म्हटलं, दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, पैसे तिसरीपासून कापतात. त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे रोज दोन माणसं सोडायला सरकारचीच परवानगी आहे.”

आमच्या वर्गात या गेमवर बरंच बोलणं झालं होतं. हुकूमशाही, नोकरशाही, सद्सद्विवेक वगैरे. हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट त्यानंतर झाली. आजोबा विलक्षण काटेकोर झाले. जन्मतारीख, गावाचं स्पेलिंग, शिक्क्याचा आकार, सगळं दोनदा बघायला लागले. कारण हातून खरीखुरी चूक झाली तर एक ताकीद फुकट जाते, आणि त्यांना त्या दोन्ही ताकिदी माणसांसाठी राखून ठेवायच्या होत्या. दयाळू व्हायचं म्हणून ते अधिक चोख कारकून झाले. पगार कमी पडला तेव्हा एकदा औषध टाळलं, एकदा घर थंड ठेवलं, आणि तरीही ताकिदी जपल्या. कादंबरीत असा कारकून भेटला असता तर आपण त्याच्याबद्दल हळहळलो असतो. इथे हिशेब आजोबांचा स्वतःचा होता. त्यांनी तो तीस वर्षांच्या सवयीने केला आणि रात्री जेवताना आजीला समजावूनही सांगितला. आजीने विचारलं की खऱ्या नाक्यावर असताना किती सोडलेत, त्यावर त्यांनी आमटी मागितली.

याला तुम्ही व्यसन म्हणणार असाल तर म्हणा. पण मग निदान त्यांच्याशेजारी बसून म्हणा.

‘वेंबा’बद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो आहेच थोडका. टोरांटोतल्या एका छोट्या गटाने २०२३ मध्ये केलेला. १९८०च्या दशकात तामिळनाडूतून कॅनडात गेलेलं जोडपं, त्यांचा मुलगा आणि आईने दिलेली पाककृतींची वही. वही फाटलेली, डाग पडलेली. जे पुसलं गेलं ते ओळखत स्वयंपाक करायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे पहिलंच कोडं आहे. माझ्या आईने पडद्यावरची सूचना न वाचता, वाफेला वर जायला वाट राहील अशा ताटल्या फिरवून लावल्या आणि विचारलं, “यात कोडं कुठे आहे?” ज्या घरात इडली होते त्या घराला गेमने आधीच काही पायऱ्या पुढे नेऊन ठेवलेलं असतं. हे मला फार आवडलं. खटकलं ते असं की चुकलं तरी काहीच बिघडत नाही, आणि संवादात जे पर्याय दिलेत त्यातला कोणताही निवडला तरी गोष्ट फारशी हलत नाही. एका बैठकीत संपतो. आईला मात्र यातलं काही खटकलं नाही. गेममधली आई तमिळ बोलते आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, त्या प्रसंगाला माझी आई उठून आत गेली. आमच्या घरात मराठीला गुजराती किंवा इंग्रजीत उत्तर देणारे दोन चुलतभाऊ आहेत. तुमच्या घरांत किती आहेत ते तुम्हाला माहीत.

मंडळाच्या वार्षिक सभेत दरवर्षी ‘पुढच्या पिढीची मराठी’ हा विषय असतो. भाषणं होतात, ठराव होतो, मग शेव-उसळ. त्या विषयावर त्या भाषणांपेक्षा जास्त नेमकं बोलणारी वस्तू एका तमिळ घराबद्दल केलेल्या गेममध्ये मला सापडली. मी सभेला होते, म्हणून म्हणते.

‘राजी’ आपल्या जवळचा, पुण्यात झालेला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी जमवायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टिकून राहून २०२० मध्ये गेम बाजारात आणला. सर्कशीत वाढलेली मुलगी आपल्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. राजस्थानी वाड्यांसारखी स्थापत्यरचना, पहाडी चित्रांचे रंग, मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून. भिंतींवरून धावत जाताना अक्षरशः थांबून बघत राहावंसं वाटतं. पण लढाई सुरू झाली की तो शंभर इतर गेमसारखा होऊन जातो, आणि शेवट घाईघाईने गुंडाळल्यासारखा वाटतो. दुर्गा आणि विष्णू वरून निवेदन करत राहतात, त्यामुळे राजी काय विचार करते हे मला तिच्याकडून कमी आणि देवांकडून जास्त कळलं. आपल्याकडचा गेम आहे म्हणून डोक्यावर घ्यावा असं मला वाटत नाही. आपल्याकडचा आहे म्हणूनच त्याची नीट चिरफाड व्हावी. नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर आपण जशी करतो, चहा पीत, नाव घेऊन.

आता तुमच्या बाजूचं बोलते, कारण तुमची भीती खोटी नाही.

माझी आत्या रोज एक रंग जुळवायचा फोनवरचा गेम खेळते. नाव सांगत नाही. त्या जातीचे ढिगाने आहेत. त्यात जीव मोजून दिलेले असतात. संपले की अर्धा तास थांबा, एक परत मिळेल. किंवा पैसे भरा, आत्ता मिळेल. रोज हजेरी लावली तर बक्षीस वाढत जातं, एक दिवस चुकला तर पहिल्यापासून. हरताना असं दाखवतात की एकाच चालीने हुकलं. दुकानात रुपये दिसत नाहीत, हिरे दिसतात, आणि हिरे नेहमी अशा आकड्यांत विकतात की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडे उरतात. उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा घ्यायचे. यातलं काहीही अपघाताने झालेलं नाही. कोणीतरी टेबलावर बसून, आलेख बघत, आत्या कोणत्या मिनिटाला फोन खाली ठेवते हे मोजून ते बसवलेलं आहे. हे तंत्र आम्हालाही शिकवतात, आणि या कामाला नोकऱ्याही पुष्कळ आहेत. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडेच जातील, कारण घरभाडं सगळ्यांनाच भरायचं असतं.

याच्यासमोर ‘आउटर वाइल्ड्स’ ठेवून बघा. एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून सुरू झालेला हा गेम २०१९ मध्ये आला. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी यान. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं नष्ट होतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या क्षणाला शेकोटीजवळ जागे होता. नवं शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही, हिरे नाहीत. मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत येतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. शेवटाकडे जायचा रस्ता पहिल्याच मिनिटाला उघडा असतो, माहीत नसतो इतकंच. आणि एकदा पूर्ण कळला की गेम संपतो. पुन्हा खेळायला उरतच नाही, कारण कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. हा गेम कधीही घंटी वाजवून बोलावत नाही. मी तो खेळत होते त्या दिवसांत लॅपटॉप बंद असतानाच जास्त खेळत होते. सूरसागरच्या काठाने चालत घरी येताना एखादी गोष्ट अचानक जुळायची.

आत्याचा गेम आणि हा गेम, दोघांनाही पत्रकात एकच शब्द आहे. मुलांना ‘स्क्रीन कमी करा’ असं सांगून हा फरक कळत नाही. कोणीतरी बसून दाखवावा लागतो. हिरे का, रुपये का नाहीत, हे एकदा बाराव्या वर्षी कळलं की माणूस पुढे कर्जाच्या ॲपलाही तोच प्रश्न विचारतो.

आणि हे दाखवायचं काम बडोद्याने करायचं नाही तर कोणी करायचं? आपल्या गावाने खेळ कधीच हलक्यात घेतलेला नाही. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये लिहायला घेतले, पण त्यांची पहिली छापील आवृत्ती १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यातून निघाली. मी गेम डिझाइन शिकायला लागल्यावर ते नियम पुन्हा वाचले आणि चकित झाले. आठ गडी ओळीने बसलेले, शेजारशेजारच्यांची तोंडं उलट दिशांना. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडायला बंदी. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायला बंदी. पळणाऱ्यावर यातलं काहीही नाही. तो कुठूनही, कसाही पळू शकतो. म्हणजे ज्याने पकडायचं त्यालाच नियमांनी बांधून ठेवलंय. एकट्याच्या पायांवर तो चपळ गड्याला गाठूच शकत नाही. त्याच्या हातात उरतं ते एवढंच, की योग्य क्षणी योग्य गड्याच्या पाठीमागे जाऊन त्याला उठवायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. पकडण्याची सगळी ताकद बसलेल्यांकडे आहे, आणि प्रत्येक बसलेला फक्त एकाच बाजूला उठू शकतो. दिशेचा नियम तेवढा काढून बघा: शिवणापाणी उरते.

शाळेत असताना मी खो-खो खेळायचे तेव्हा हे दिसलं नव्हतं. दम लागायचा, एवढंच. आता दिसतं की कोणीतरी मैदानावर उभं राहून, मुलांना पळवून बघून, ‘हे जमत नाही, इथे बंधन घाला’ असं म्हणत ते नियम घासूनपुसून घेतले असणार. आम्ही आज नेमकं हेच करतो. फक्त मैदानाऐवजी पडदा असतो आणि घाम जरा कमी येतो.

मग ‘व्यायाम ज्ञानकोश’. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेले दहा खंड, मराठीत, बडोद्यातून, १९३६ ते १९४९ या काळात. तालमीत, मैदानात, अंगणात माणसं काय करतात हे दहा खंडांत मांडावं इतकं मोलाचं आहे, असं एका माणसाला वाटलं आणि गावाने ते वाटू दिलं. तुमच्यातल्या काही वाचनालयांत त्याचे खंड आहेत. वाचणारे फार नाहीत, ते सोडा.

आणि ग्रंथालयांबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं? तरी सांगते, कारण प्रत्येक सभेत सयाजीराव महाराजांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि तिची काचेची जमीन आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्याच ग्रंथालय खात्याची फिरती ग्रंथालयं होती, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायची. आणि त्याच खात्यात चित्रांतून शिक्षण देणारी एक वेगळी शाखाही होती. मॅजिक लँटर्नच्या (भिंतीवर चित्रं पाडणाऱ्या दिव्याच्या) काचा, चित्रं खोलीसकट दाखवणारा स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावोगाव जायची. सिनेमा तेव्हा पुरता वीस वर्षांचाही नव्हता. सभ्य घरांत त्याच्याबद्दल काय बोललं जात असेल याचा अंदाज तुमचं पत्रक वाचून येतो. तरीही तो ग्रंथालय खात्याच्या खर्चाने दाखवला गेला, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचाही ग्रंथालयावर हक्क आहे असं कोणाला तरी वाटलं.

तर माझी मागणी. मोठी नाही. वाचनालयात एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक चालता प्लगपॉइंट. लॅपटॉप सुरुवातीला मी माझा आणेन. आठवड्यातून एक संध्याकाळ. इंटरनेट लागणार नाही, आणि आत काही विकत घ्यावं लागतं असा गेम टेबलावर येणार नाही. ज्याला शेवट आहे असेच गेम. एक जण खेळेल, दोघे शेजारी बसतील, आणि त्यातली एक व्यक्ती साठीच्या पुढची हवी. ही अट मी गमतीने घातलेली नाही. आजोबांनंतर मी ती फार गांभीर्याने घेते. सकाळी वृत्तपत्रांच्या टेबलावर जे काका अग्रलेखांवर तासभर वाद घालतात, त्यांच्याइतका चांगला शेजारी गेमला मिळणार नाही.

सुरुवात ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ने करावी असं मला वाटतं. हाही लुकास पोपचाच, २०१८चा. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये रिकामंच परत येतं. तुम्ही विम्याचे निरीक्षक. जहाजावरच्या साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कोणाच्या हातून, हे एका वहीत भरायचं. नावांची यादी असते, एक रेखाचित्र असतं. बाकी कोण कुठल्या भाषेत ओरडतो, कोणाच्या झोळीवर कोणता क्रमांक आहे, यावरून ताडायचं. भारतीय खलाशीही आहेत त्यात. तीन नोंदी बरोबर झाल्या की मगच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे ठोकताळे चालत नाहीत. एकट्याने खेळताना मी पार थकले. तिघांनी, कागद-पेन्सिल घेऊन, एकमेकांना खोडून काढत खेळावा असाच तो आहे, आणि खोडून काढण्यात आपलं गाव कुठे कमी पडत नाही.

लहान मुलांसाठी तो नाही हे आधीच सांगते. प्रत्येक मृत्यू समोर दिसतो. ‘पेपर्स, प्लीज’मध्येही अंगझडतीच्या यंत्रात उघडी शरीरं दिसतात, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. कोणत्या वयाला काय दाखवायचं ही यादी तुम्ही आणि मी बसून करू. बालविभागात कोणतं पुस्तक ठेवायचं हे तुम्ही ठरवताच ना, त्यातलीच ही गोष्ट.

‘मुलं पुस्तकं सोडून त्या टेबलाभोवती गोळा होतील,’ असं कोणीतरी म्हणेल. होऊ देत. सध्या ती तुमच्या वाचनालयात येतच नाहीत. ‘आवाज होईल’ हा मुद्दा खरा आहे. हेडफोन घालून तिघांना खेळता येत नाही. शक्य असेल तर मागची खोली द्या, जिथे सध्या गणेशोत्सवाचं मखर ठेवलेलं असतं.

शेवटचं मागणं माझ्या स्वतःच्या कामाचं आहे. अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प म्हणून मी एक गेम करते आहे, मराठीत. त्यात खेळणारा म्हणजे फिरत्या ग्रंथालयाचा कारकून. समोर लाकडी पेटी, बाजूला पुस्तकांचा ढीग आणि गावाकडून आलेलं एक पत्र. पेटीत काय घालायचं ते ठरवायचं. महिन्यांनी पेटी परत येते आणि उत्तर तिच्यातच असतं: कोणत्या पुस्तकाची पानं मऊ पडलीत, कोणतं उघडलंच गेलं नाही, कशाच्या समासात कोणी हिशेब मांडलाय. गुण नाहीत. पुढच्या पेटीत काय घालाल, एवढंच. नियमांचा सांगाडा झालाय आणि आजोबांनी त्यात दोन चुका काढून झाल्यात. अडलंय ते पुस्तकांपाशी. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात कोण काय वाचत होतं, कशाला मागणी होती, काय परत यायचं नाही, हे मला कल्पनेने भरायचं नाही.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्याकडे देवघेवीची जुनी रजिस्टरं असतील, त्यांनी ती मला बघू द्यावीत. कसर लागलेली असली तरी चालतील. घरी नेणार नाही. तुमच्यासमोर बसून टिपणं काढेन आणि फोटो काढायचे की नाही ते तुम्ही सांगाल तसं. सभासदांची नावं गेममध्ये येणार नाहीत. उत्तर पत्राने द्या, फोनने द्या किंवा आजोबांजवळ निरोप ठेवा. ते रोज सकाळी साडेआठपासून तुमच्याच वृत्तपत्रांच्या टेबलावर असतात.

कळावे,
आपली नम्र,
दांडिया बाजारातील एक सभासद
(वर्गणी चालू वर्षाअखेरपर्यंत भरलेली आहे.)